कामाचे तास आणि देशांच्या सीमा

आगकाडीच्या टोकाला पूर्वी पांढरा फॉस्फरस लावत. तो स्वस्त होता, काडी कुठेही घासली तरी पेटे, आणि कारखान्यात ते मिश्रण हाताळणाऱ्या बायका-मुलांचे जबडे कुजत. दात पडत, हाड सडे, चेहरा कायमचा विद्रूप होई आणि कित्येकांचा त्यातच शेवट होई. त्यावरचा उपाय ठाऊक नव्हता असे नाही. लाल फॉस्फरसच्या सुरक्षित काड्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून बनत होत्या. फिनलंडने १८७२ मध्ये आणि डेन्मार्कने १८७४ मध्ये पांढऱ्या फॉस्फरसवर बंदीही घातली. मोठे उत्पादक देश मात्र थांबून राहिले. त्यांचे म्हणणे असे की आम्ही बंदी घातली की आमची काडीपेटी महागणार, शेजारचा देश स्वस्त काड्या विकून आमची बाजारपेठ घेणार, आणि आमचे मजूर आजारातून वाचले तरी बेकारीने मरणार. शेवटी १९०६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात काही युरोपीय देश एकत्र बसले आणि पांढऱ्या फॉस्फरसची काडी बनवणार नाही, विकणार नाही, बाहेरून आणणार नाही, असा करार त्यांनी केला. मग एकेक देश त्यात येत गेला. हिंदुस्थानात तसा कायदा १९१३ साली झाला.

कामगारांच्या प्रश्नात परदेशांचा काय संबंध, असे कोणी विचारले की मी आधी ही हकीकत सांगतो. एकट्या देशाला जे करायची भीती वाटते, ते सगळ्यांनी एकदम केले तर भीतीचे कारणच उरत नाही. १९१९ मध्ये व्हर्सायच्या तहाबरोबर आंतरराष्ट्रीय कामगार संघटना जन्माला आली तेव्हा तिच्या घटनेच्या उद्देशिकेत हेच स्पष्ट लिहिले गेले: एखाद्या राष्ट्राने माणुसकीला धरून कामाची व्यवस्था केली नाही, तर ज्यांना ती करायची आहे अशा इतर राष्ट्रांच्या वाटेत ते राष्ट्र धोंड होऊन बसते. या संघटनेचे आज १८७ सदस्य देश आहेत. तिच्या परिषदेत प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी बसतात, दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा, आणि चौघांनाही स्वतंत्र मत असते. कामगार आपल्याच सरकारच्या विरुद्ध मत देऊ शकतो अशी जागतिक संस्था दुसरी नाही. तिचे करार, ते मान्य करणाऱ्या आणि न करणाऱ्या सरकारांचे हिशेब, आणि त्या करारांचे गिरणीत, जहाजावर, घरकामात पुढे काय झाले, हा या पुस्तकाचा विषय आहे. विषय कोरडा वाटण्याची शक्यता आहे, कारण तो बहुधा कलमांच्या भाषेत सांगितला जातो. पण त्याच्या मुळाशी एक अगदी साधी गोष्ट आहे. माणसाने दिवसाला किती तास राबावे आणि त्या बदल्यात त्याला काय मिळावे, हे दुसऱ्या देशात काय चालते यावर ठरते, आणि म्हणून ते दुसऱ्या देशाशी बोलूनच बदलता येते.

हे बोलणे नेहमी निर्मळ मनाने होते असे मात्र नाही. मुंबईचाच इतिहास पाहा. १८७०च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्या वाढू लागल्या तशी लँकेशायरच्या गिरणीमालकांना हिंदी मजुरांच्या हालांची आठवण होऊ लागली. इंग्लंडमध्ये कामाच्या तासांवर कायद्याचा लगाम होता आणि मुंबईत दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत साचे चालत, म्हणजे ही असमान स्पर्धा झाली, अशी त्यांची ओरड होती. इकडे राष्ट्रीय वृत्तीच्या बहुतेक वृत्तपत्रांनी आणि गिरणीमालकांनी फॅक्टरी कायद्यामागे मँचेस्टरचा हात पाहिला, आणि तो तिथे होताच. पण त्या वादात आणखी एक आवाज होता, जो दोन्ही बाजूंना सोयीचा नव्हता. सोराबजी शापूरजी बंगाली या मुंबईकर गृहस्थांनी कायद्याचा आग्रह धरला होता, आणि त्यांना लँकेशायरशी काही देणेघेणे नव्हते. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा आला तो सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास बंदी करणारा. सात वर्षे! बारापर्यंतच्या मुलांना दिवसाला नऊ तास काम. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात अवाक्षर नव्हते.

नारायण मेघाजी लोखंडे यांचे मोठेपण या पार्श्वभूमीवर दिसते. फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेतला हा माणूस ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवत होता. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या आज वाचताना अंगावर येतात: आठवड्यातून एक रविवार सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत काही रक्कम. यातल्या एकाही मागणीला मँचेस्टरचा वास नाही. लँकेशायरच्या स्वार्थामुळे सरकारी दार थोडे किलकिले झाले होते, त्यातून लोखंड्यांनी कामगारांना आत नेले. १० जून १८९० रोजी मुंबईच्या मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्या वर्षी ती कायद्यात आली.

बाहेरून आलेला दबाव कोणत्या हेतूने आला हा प्रश्न महत्त्वाचा असतो, पण त्याहून महत्त्वाचे हे असते की तो आल्यावर इथे कोणीतरी तो हातात घेतला की नाही. मला या सगळ्या इतिहासातून दिसते ते हे, आणि पुढच्या प्रकरणांतून वाचकाने ते तपासून पाहावे अशी माझी इच्छा आहे.

२९ ऑक्टोबर १९१९ रोजी वॉशिंग्टनमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद सुरू झाली. यजमान अमेरिका स्वतः सदस्यच नव्हती. तिच्या सेनेटने व्हर्सायचा तह मंजूर केला नाही आणि ती संघटनेत आली थेट १९३४ मध्ये. परिषदेच्या कचेरीसाठी नौदल खात्याच्या इमारतीतल्या खोल्या मिळवून दिल्या त्या खात्याच्या तेव्हाच्या एका तरुण सहायक सचिवाने. त्याचे नाव फ्रँकलिन रूझवेल्ट. हिंदुस्थान गुलाम देश, तरी तहावर त्याची वेगळी सही असल्यामुळे त्याला स्वतंत्र जागा होती. सरकारतर्फे लुई केरशॉ आणि अतुलचंद्र चॅटर्जी, मालकांतर्फे कलकत्त्याचे अलेक्झांडर मरे, आणि कामगारांतर्फे नारायण मल्हार जोशी.

कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे ना. म. जोशी भारत सेवक समाजाचे सदस्य होते. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली आणि गिरणगावातल्या चाळींमध्ये रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने चालवले. ते गिरणीत काम केलेले नव्हते आणि कोणत्याही संघटनेने त्यांना निवडलेले नव्हते, कारण निवड करू शकेल अशी देशव्यापी संघटनाच तेव्हा नव्हती. सरकारने त्यांना नेमले. आता तहाची अट अशी होती की कामगारांचा प्रतिनिधी देशातल्या सर्वांत प्रातिनिधिक संघटनांच्या संमतीने निवडला पाहिजे. जिथे अशी संघटना नाही तिथे संमती कोणाची घ्यायची? पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९२० रोजी, मुंबईत ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. अध्यक्ष लाला लजपतराय. तिच्या जन्मामागे संपांची लाट होती, महायुद्धानंतरची महागाई होती, रशियातल्या क्रांतीची हवा होती. पण जिनिव्हाला, म्हणजे संघटनेच्या मुख्यालयाच्या शहरी, जाणारा माणूस सरकारने नव्हे, आम्ही निवडणार, ही निकडही होती. एका तहातल्या कलमाने परळ-लालबागच्या कामगाराला संघटित होण्याचे एक जादा कारण दिले.

वॉशिंग्टनमध्ये पहिलाच करार झाला तो कामाच्या तासांचा: दिवसाला आठ, आठवड्याला ४८. तो जगासाठी होता. हिंदुस्थानसाठी त्यात वेगळे कलम होते, कलम दहा, आणि त्यात आठवड्याला ६० तास असे लिहिले होते. जपानलाही सवलत होती, पण ५७ तासांची, फक्त कच्च्या रेशमाच्या धंद्यात साठाची. साठ हा आकडा कमी नव्हे. १९११ च्या कायद्याप्रमाणे कापडगिरणीतला पुरुष दिवसाला १२ तास राबत होता, म्हणजे आठवड्याला ७२. त्यातले १२ तास एकदम कमी होणार होते. हिंदुस्थानने जुलै १९२१ मध्ये कराराला मान्यता दिली, फार थोड्या देशांनी ती दिलेली असताना, आणि १९२२ च्या दुरुस्तीने दिवसाला ११ व आठवड्याला ६० तासांची मर्यादा कायद्यात घातली. मुलांचे किमान वय १२ झाले. कराराचा परिणाम इतक्या लवकर इतक्या लोकांच्या दिवसावर झाल्याची उदाहरणे थोडी आहेत.

तरीही त्या कलम दहाकडे मी खेदाने पाहतो. सवलतीची कारणे तेव्हा दिली गेली ती अशी: हवा उष्ण आहे, इथला मजूर सावकाश काम करतो, मध्येच विडी ओढायला बाहेर जातो, म्हणून त्याचे बारा तास हे खरे बारा तास नव्हेत. फॅक्टरी कमिशनांपुढच्या साक्षींत मालकांनी हे पुनःपुन्हा सांगितले होते. बारा तास उभे राहणाऱ्या माणसाने मध्ये थोडा वेळ बाहेर जाणे हा त्याच्या शरीराने लावलेला लगाम होता, आणि त्याचाच उपयोग तास लांब ठेवण्यासाठी केला गेला. तात्पुरती म्हणून दिलेली ती सवलत १९३४ मध्ये ५४ तासांवर आली आणि ४८ तासांचा आठवडा कायद्यात उतरायला १९४६ साल उजाडले. सत्तावीस वर्षे. गरीब देशाला मुदत हवी असते हे मला मान्य आहे. पण मुदतीला शेवटची तारीख नसेल तर ती मुदत राहत नाही, आणि आजही जिनिव्हात ‘लवचिकता’ या नावाने जी कलमे घातली जातात ती वाचताना ही सत्तावीस वर्षे डोळ्यांपुढे असावीत.

आता त्याच गोष्टीचा उलटा भाग. १९२०च्या दशकाच्या मध्यापासून मुंबईच्या गिरण्यांना जपानी सूत आणि कापड जड जाऊ लागले. जपानच्या गिरण्या दोन पाळ्यांत चालत आणि रात्रपाळीत बायका आणि मुली काम करत. हिंदुस्थानात बायकांच्या रात्रीच्या कामावर करारानुसार बंदी होती. मुंबईचे गिरणीमालक टॅरिफ बोर्डापुढे गेले आणि म्हणाले की जपानचा माल स्वस्त आहे तो तिथल्या हीन कामगार परिस्थितीमुळे, म्हणून आम्हाला संरक्षण द्या. १९२७ च्या अहवालात बोर्डाने रात्रपाळीमुळे जपानला मिळणारा फायदा मान्य केला. पन्नास वर्षांपूर्वी लँकेशायर मुंबईबद्दल जे बोलत होते, तेच मुंबई आता ओसाकाबद्दल बोलत होती. जपानने १ जुलै १९२९ पासून बायकांची रात्रपाळी बंद केली. त्यामागे तिथल्या कामगार स्त्रियांचे आणि सुधारकांचे प्रयत्न होते, आणि हा बाहेरचा रेटाही होता.

याच वळणाने पुढे १९९० च्या दशकात व्यापार आणि कामगार हक्क यांची सांगड घालायचा वाद जगभर पेटला. श्रीमंत देश म्हणत की जागतिक व्यापार संघटनेच्या करारात कामगार हक्कांचे कलम घाला. भारताने विरोध केला, आणि त्यात सरकार, मालक व मोठ्या कामगार संघटना बऱ्याच अंशी एका बाजूला होत्या. १९९६ च्या सिंगापूर परिषदेत ठरले की या प्रश्नाची जागा आंतरराष्ट्रीय कामगार संघटना हीच. तो विरोध मला योग्य वाटतो. आयातबंदीची शिक्षा शेवटी विणकरालाच भोगावी लागते. पण त्या विरोधाबरोबर एक जबाबदारी आली होती, की व्यापाराच्या धाकाने नको तर आम्ही आपण होऊन करू. ती किती पार पडली याचा हिशेब पुढच्या काही प्रकरणांत आहे आणि तो समाधानकारक नाही.

स्त्रियांच्या रात्रपाळीवरची बंदी हे प्रकरण तर फार विचार करण्यासारखे आहे. बंदी घालणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण मुंबईच्या गिरण्यांत दुसरी पाळी वाढली, नवी यंत्रे आली, तेव्हा मालकांना दोन्ही पाळ्यांत फिरवता येईल असा कामगार हवा होता. बाई रात्री चालत नाही, तिला बाळंतपणाची रक्कमही द्यावी लागते, मग तिला घ्यायचेच कशाला? सूत गुंडाळण्याच्या खात्यांत वर्षानुवर्षे काम केलेल्या बायका हळूहळू गिरणीबाहेर गेल्या. ज्या कायद्याने त्यांना जपायचे होते त्यानेच त्यांना महाग ठरवले. पुढे जगानेही आपले मत बदलले. १९९० च्या रात्रपाळीविषयीच्या करारात स्त्री-पुरुष असा भेद न करता रात्री काम करणाऱ्या प्रत्येकाच्या आरोग्याचा विचार आला.

बाळंतपणाच्या हक्काची कथा मात्र वेगळी. वॉशिंग्टनच्या परिषदेत त्याचाही करार झाला होता. हिंदुस्थानने तो कधीच मान्य केला नाही. जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात १९२४ मध्ये विधेयक आणले आणि ते फेटाळले गेले. मग प्रश्न मुंबईच्या विधिमंडळात आला. जुलै १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी तिथल्या विधेयकाला पाठिंबा देताना सांगितले की आईला बाळंतपणाच्या आगेमागे विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा काही भार सरकारनेही उचलावा. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा कायदा झाला, हिंदुस्थानातला पहिला. कराराला मान्यता नाही, पण कराराने सुचवलेली कल्पना कायद्यात आली. उलट दिशेनेही असे घडते: मान्यता आहे, कायदा आहे, आणि कारखान्यात काहीच नाही. म्हणून कोणत्या देशाने किती करार मान्य केले एवढीच यादी पाहून कोणाला शहाणे किंवा वेडे ठरवू नये. भारताने आजवर ४७ करार मान्य केले आहेत. संघटना करण्याच्या आणि सामूहिक वाटाघाटीच्या हक्कांचे जे दोन मूलभूत करार आहेत, क्रमांक ८७ आणि ९८, ते त्यात नाहीत. सरकारी नोकरांना ते हक्क द्यावे लागतील हे त्याचे कारण सांगितले जाते. अमेरिकेनेही ते दोन मान्य केलेले नाहीत. एवढ्याने आपण सुटत नाही.

आंबेडकरांचे नाव या विषयात दुसऱ्यांदा येते ते १९४२ मध्ये. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाल्यावर लगेच ऑगस्टमध्ये दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद भरली. जिनिव्हाचा साचा त्यांनी इथे कायमचा बसवला. तिचीच पुढे भारतीय श्रम परिषद झाली. १९५७ च्या पंधराव्या अधिवेशनात तिने किमान वेतन कसे काढायचे याचे माप ठरवले: कुटुंबातली तीन माणसे खाणारी धरायची, प्रौढाला २७०० कॅलरींचे अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, इंधन, दिवाबत्ती. तो कायदा नव्हता, एकमताने झालेली शिफारस होती. तरी सर्वोच्च न्यायालयापासून वेतन मंडळांपर्यंत सगळीकडे आजही तेच माप निघते. समोरासमोर बसून ठरलेल्या गोष्टीला असे वजन येते. याच परिषदेचे ४६ वे अधिवेशन जुलै २०१५ मध्ये झाले आणि त्यानंतर अनेक वर्षे ती भरलीच नाही. मधल्या काळात २९ केंद्रीय कामगार कायदे चार संहितांत बसवले गेले, २०१९ आणि २०२० मध्ये संसदेने ते मंजूर केले, आणि त्रिपक्षीय टेबलावर त्यांची एकत्र चर्चा झाली नाही. संहितांत चांगले काही नाही असे माझे म्हणणे नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत मोबाइल अ‍ॅपच्या प्लॅटफॉर्मवर काम करणाऱ्यांचा उल्लेख प्रथमच आला, हे मोलाचे आहे. पण ज्यांच्याविषयी कायदा आहे ते टेबलाशी नसताना तो झाला, ही खंत राहते.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतरचे गिरणगाव महाराष्ट्राने पाहिले आहे. गिरण्या गेल्या, कापड गेले नाही. ते भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर विणले जाऊ लागले. तिथे पाळी बारा तासांची असते. १९११ च्या कायद्याने दिलेले बारा तास, १९२२ ने कमी केलेले, १९४६ ने आणखी कमी केलेले, ते याच राज्यात पुन्हा सुरू झाले, कारण चार-आठ मागांच्या शेडमध्ये कारखान्यांचा कायदा सहसा पोचत नाही आणि माग भाड्याने चालवणारा मालकसुद्धा अनेकदा कर्जातच असतो. १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या केनियातल्या अभ्यासगटाने ‘अनौपचारिक क्षेत्र’ हा शब्द जगाच्या धोरणात आणला, तेव्हा हे क्षेत्र हळूहळू आटेल अशी अनेकांची आशा होती. आपल्याकडे ते वाढत गेले. सोलापुरात घराच्या ओट्यावर विडी वळणाऱ्या बायका कोणत्या कारखान्यात काम करतात? अशा घरबसल्या कामगारांसाठी १९९६ मध्ये करार क्रमांक १७७ झाला आणि त्यासाठी सर्वांत जास्त झटली ती अहमदाबादची सेवा ही संघटना आणि तिच्या संस्थापक इला भट्ट. ज्या देशातून ती मागणी गेली त्या देशाने तो करार अजून मान्य केलेला नाही.

घरकामगारांचेही तेच. पुण्यात १९८० मध्ये मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. खाडे, पगारी रजा, बोनस हे शब्द तेव्हा पहिल्यांदा मध्यमवर्गीय घरांच्या दारात ऐकू आले. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. १६ जून २०११ रोजी जिनिव्हात घरकामगारांचा करार, क्रमांक १८९, मंजूर झाला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, मान्यता दिली नाही. पहिली मान्यता आली उरुग्वेची, दुसरी फिलिपाईन्सची. फिलिपाईन्सच्या लाखो बायका परदेशी घरांत काम करतात, तेव्हा आपल्या घरातल्या कायद्याशिवाय परक्या देशाकडे मागायचे कोणत्या तोंडाने, हे त्या देशाने ओळखले. आखातात आणि सिंगापुरात आपल्या माणसांची काळजी वाहणाऱ्या आपल्या सरकारलाही हा विचार लागू पडतो.

करार कागदावरून खाली उतरवायचा तर तो कसा रचावा, याचे उत्तम उदाहरण समुद्रावर सापडते. जहाज ग्रीक मालकाचे, झेंडा पनामाचा, भरती करणारा एजंट मुंबईचा, खलाशी रत्नागिरीचा किंवा साष्टीचा. गोव्याच्या तारवट्यांचे, म्हणजे खलाशांचे, मुंबईत धोबीतलावला कूड असत, गावागावाचे, बोट मिळेपर्यंत तिथे मुक्काम. त्यांना पिढ्यानपिढ्या गोऱ्या खलाशाच्या तुलनेत कितीतरी कमी पगार मिळे. १९२० मध्ये जिनोआत खलाशांसाठी खास परिषद भरली आणि आठ तासांचा करार थोड्या मतांनी हुकला. पुढच्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत खलाशांविषयी डझनावारी करार झाले आणि विखुरले. २००६ मध्ये त्यांतले बहुतेक एका सागरी कामगार करारात गुंफले गेले. तो २०१३ मध्ये अमलात आला आणि भारताने २०१५ मध्ये मान्य केला. त्याची ताकद एका तरतुदीत आहे. मान्यता दिलेल्या देशाच्या बंदरात कोणतेही जहाज आले की तिथला निरीक्षक त्याची तपासणी करू शकतो, मग त्या जहाजाच्या झेंड्याच्या देशाने करार मान्य केलेला असो वा नसो. करार न मानण्यात फायदाच राहत नाही. झोपायची जागा, विश्रांतीचे तास, थकलेला पगार यांत गंभीर खोट असेल तर जहाज बंदरात अडकते, आणि अडकलेल्या जहाजाचा एक दिवस मालकाला फार महाग पडतो. मालक पळाला आणि जहाज वाऱ्यावर सोडले, तर खलाशांना घरी आणण्याचा व थकलेल्या पगाराचा विमा असलाच पाहिजे, अशी दुरुस्ती २०१७ पासून लागू आहे. कोकणातल्या ज्या घरांनी महिनोन्‌महिने बंदरात अडकलेल्या मुलाची वाट पाहिली आहे त्यांना या कलमाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

जमिनीवरचेही एक उदाहरण आहे. कतारमधल्या परदेशी मजुरांच्या स्थितीबद्दल २०१४ मध्ये जिनिव्हात तक्रार झाली, २०१७ मध्ये ती सहकार्याच्या कराराने मिटली, दोह्यात संघटनेचे कार्यालय उघडले, देश सोडायला मालकाची परवानगी लागण्याची अट गेली आणि २०२१ पासून सर्वांना एकच किमान वेतन लागू झाले. अंमलबजावणीत त्रुटी आहेत, पण फुटबॉल विश्वचषकाच्या काळात जगाचे डोळे तिकडे होते म्हणून झाले, एवढे म्हणून ते बाजूला सारता येणार नाही.

मे २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत मजूर रस्त्याने चालत असताना, काही राज्यांनी कामाचे तास बारा केले आणि अनेक कामगार कायदे स्थगित करण्याचे जाहीर केले. केंद्रीय कामगार संघटनांनी जिनिव्हाला पत्र लिहिले, तिथून पंतप्रधानांना पत्र आले. उत्तर प्रदेशाने बारा तासांचा आदेश मागे घेतला. गुजरातची अधिसूचना सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द केली. पत्रामुळेच हे झाले असे म्हणणे अतिशयोक्ती होईल; न्यायालयात झगडणारे लोक इथलेच होते. पण त्यांच्या हातात बाहेरचे एक साधन होते आणि त्यांनी ते वापरले, जसे लोखंड्यांनी वापरले होते, जोशींनी वापरले होते.

आज जिनिव्हात प्लॅटफॉर्मवरच्या कामाचा करार घडतो आहे. जून २०२५ च्या परिषदेत त्यावर पहिली चर्चा झाली. मोटारसायकलवर जेवण पोचवणारा मुलगा कोणाचा नोकर, त्याचे खाते एका सकाळी बंद झाले तर त्याने कोणाकडे दाद मागायची, दोन ऑर्डरींमधला वाट पाहण्याचा वेळ कामाचा धरायचा की नाही, हे प्रश्न तिथे आहेत. राजस्थानने २०२३ मध्ये याबाबत देशातला पहिला कायदा केला. महाराष्ट्र, जिथे कामगार चळवळ देशात प्रथम उभी राहिली आणि ज्याने १९६९ मध्ये माथाडी कायदा करून रोज वेगळा मालक असलेल्या हमालाला मंडळामार्फत पगार, रजा, भविष्यनिर्वाह निधी मिळवून दिला, तो इथे मागे असावा याचे मला वाईट वाटते. मालक बदलत राहिला तरी कामगाराचे खाते एकाच जागी राहील, ही माथाडी मंडळाची कल्पना प्लॅटफॉर्मवरच्या कामाला जशीच्या तशी उपयोगी पडेल. ती या राज्यात अर्ध्या शतकाहून जास्त काळ चालवून पाहिलेली आहे, आणि जिनिव्हातल्या चर्चेत आपल्या प्रतिनिधींनी ती मांडायला हवी.

वाचकाने हे पुस्तक वाचताना आणखी एक व्यवहाराची माहिती जवळ ठेवावी. नवा करार मंजूर झाला की प्रत्येक सरकारने साधारण वर्षभरात, फार तर दीड वर्षात, तो आपल्या कायदेमंडळापुढे ठेवायचा असतो. मान्य करणे बंधनकारक नाही, पण पुढे ठेवणे आहे. मान्य केलेल्या करारांचे अहवाल सरकारने जिनिव्हाला पाठवायचे असतात, त्यांच्या प्रती प्रातिनिधिक कामगार संघटनांना द्यायच्या असतात, आणि संघटना त्यावर आपले म्हणणे थेट कळवू शकतात. तज्ज्ञ समिती ते वाचते, सरकारला प्रश्न विचारते, ते प्रश्न छापले जातात. भिवंडीतल्या बारा तासांच्या पाळीविषयी, सोलापुरातल्या विडी कामगारांच्या मजुरीविषयी, मुंबई बंदरातून गेलेल्या खलाशांविषयी इथून असे म्हणणे नियमित जायला हवे. त्यासाठी मोठी संघटना लागत नाही. तारखा, तास आणि पगार नीट टिपून ठेवणारे कोणीतरी त्या त्या ठिकाणी लागते.